नखाची जिव्हाळी

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी साताऱ्याला गेले, तेव्हा कुत्रं दाराशी आलं नाही.

एरवी गोडोलीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली की आतून त्याचं भुंकणं सुरू व्हायचं आणि मी फाटक उघडेपर्यंत ते पायांत घोटाळायला लागायचं. त्या दिवशी मी पायरीवर चपला काढल्या, हाक मारली, तरी काही नाही. आत गेले तर ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलेलं. मला बघून शेपटी हलवली, उठलं आणि माझ्याकडे यायला लागलं. पण तिरकं, अंग एका बाजूला टाकत. शहाबादी फरशीवर नखांचा टक टक आवाज येत होता.

"म्हातारं झालंय," आई म्हणाली. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती आणि तिने वळून बघितलंही नव्हतं.

लहानसंच कुत्रं होतं ते, पांढरं, पाठीवर तपकिरी डाग असलेलं. आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, पलटणीतले एक मित्र मुलाकडे कायमचे राहायला गेले तेव्हा त्यांनी ते आमच्याकडे सोडलं. आबा नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. कुत्रं अंगणात राहील, असा त्यांनी हुकूम काढला होता. आईने थोड्याच दिवसांत ते घरात घेतलं. मित्राने त्याला कसलंसं इंग्रजी नाव ठेवलं होतं, पण आई त्याला 'लेकरा' म्हणायची आणि पुढे ते त्याच हाकेला ओ द्यायला लागलं.

त्याची नखं आईच कापायची. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नखं दगडामातीवर आपोआप झिजतात. हे दिवसभर घरात, फरशीवर आणि आईच्या पदराखाली. त्यामुळे दर थोड्या दिवसांनी आई दुपारचं आवरलं की परसातल्या पायरीवर बसायची, त्याला मांडीवर उताणं घ्यायची आणि त्याच्याशी काहीबाही बोलत एकेक बोट दाबून नख पुढे काढायची. मी लहानपणापासून गावाकडे जनावरं बघितलेली, पण इतक्या निगुतीने कुणी जनावराच्या पायाशी बसलेलं बघितलं नव्हतं. कुत्रं तर झोपून जायचं.

त्यामुळे त्या संध्याकाळी मी त्याला जवळ घेऊन पाय हातात धरला आणि दचकलेच. नखं वाढून खाली वळली होती. ती जमिनीला आधी टेकत आणि बोटं वर, बाजूला ढकलली जात. म्हणून ते तिरकं चालत होतं. पुढच्या पायाला आतल्या अंगाने, जरा वर, अंगठ्यासारखं एक नख असतं. ते जमिनीला कधी लागतच नाही. केसांत बोट घालून ते चाचपायला गेले, तर कुत्र्याने कळवळून पाय ओढून घेतला.

"हात लावू नगंस त्याला!" आई एवढ्या जोरात ओरडली की आबांनी ओसरीवरून आत डोकावून बघितलं.

"आई, अगं नखं केवढी झाली आहेत. कापली नाहीस?"

"कापीन म्हनलं ना. सोड त्याला."

आबा परत पेपरात शिरले.

घरात काहीतरी बिनसलेलं होतं, ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी नीट दिसलं. आईने आबांच्या पुढ्यात चहा ठेवला. कप बशीत खडखडला, थोडा चहा सांडला. आबांनी वर न बघता बशी पुढे ओढली. आई लगेच आत गेली. दोघांत एक शब्द नाही. पूर्वी याच चहावर तासभर गप्पा चालायच्या. गावाकडची जमीन, उंब्रजच्या बाजारातले भाव, कुणाच्या पोराची भरती झाली, कुणाच्या पोरीचं ठरलं.

मी आबांपाशी बसले. "कुत्र्याच्या पायाला काय झालंय, आबा?"

"तुझ्या आईला इचार. तिचं डिपार्टमेंट हाय ते." मग थोडं थांबून म्हणाले, "पावसाळ्यात एकदा लय केकाटलं. मी धावत गेलो तर हिच्या मांडीवर रगात. माझी दाढीची तुरटी घेऊन दाबत बसलेली. मी म्हनलं, लक्ष कुठं असतं तुझं? नीट धरायचं कळत न्हाई का? झालं. तवापासनं कात्रीला हात लावला न्हाई तिनं. आन माझ्यासंगं धड बोलत बी न्हाई. चहा आदळती माझ्यापुढं. बघितलंस न्हवं आता?"

"इतक्यावरून?"

"मला काय ठावं," आबा म्हणाले. "तीस वर्सं फौजेत काढली, घरात असा राग कवा बघितला न्हाई."

तशी आई रागीट नव्हती. ती चिडली तर लगेच बोलून मोकळी व्हायची. महिनोन्महिने कप आदळत राहणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं. पण माहेरी आलेल्या मुलीला आई-वडिलांच्या मधलं सगळं कुठे कळतं? मी तो विषय बाजूला ठेवला आणि कुत्र्याचं बघायचं ठरवलं.

दुपारी ते झोपलं असताना मी हलकेच केस बाजूला केले. आतल्या अंगाचं ते नख गोल फिरून बोटाच्या मांसात शिरलं होतं. भोवती सूज होती आणि घाण वास येत होता. मी आईला बोलावून दाखवलं. ती बघत राहिली, पदर तोंडाला लावला आणि रडायलाच लागली. "माझ्या लेकराला मी असं केलं," एवढंच म्हणत होती.

आम्ही दोघी रिक्षाने त्याला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. म्हशी, शेळ्या, एक लंगडणारी कालवड, अशा सगळ्यांत आईच्या शालीत गुंडाळलेलं आमचं कुत्रं. डॉक्टर मध्यम वयाचे, शांत होते. त्यांनी शाल उघडली, पाय बघितला आणि म्हणाले, "डोकं घट्ट धरा. हे दुखणार आहे."

डोक्याशी आई होती. तिने डावा हात कुत्र्याच्या मानेखाली घातला. उजवा पदराखालीच.

"दोन्ही हातांनी धरा, आई."

तिने उजवा हात बाहेर काढला. तो कापत होता. भीतीने कापतो तसा नव्हे. अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासत, जणू ती चिमटीत काहीतरी चोळत होती, आणि ते थांबत नव्हतं. तिने तो कुत्र्याच्या कानामागे दाबून धरला, तसं कुत्र्याचं डोकंही हलायला लागलं. मी पटकन पुढे झाले आणि कुत्र्याला माझ्या हातात घेतलं. आई भिंतीला टेकून उभी राहिली. डॉक्टरांनीही बघितलं होतं.

मांसात गेलेलं नख त्यांनी पक्कडीसारख्या हत्याराने कापून ओढून काढलं. कुत्र्याने असा आवाज काढला की बाहेरची माणसं दारात आली. जखम धुतली, मलम लावलं, इंजेक्शन दिलं. मग बाकीच्या नखांची नुसती टोकं उडवली.

"एवढीच?" मी विचारलं.

"आज एवढीच. नखाच्या आत शीर असते. नख वाढू दिलं की तीही पुढे वाढत येते. आता एकदम आखूड केलं तर रक्त येईल आणि पुन्हा ते कुणाला पायाला हात लावू देणार नाही. दर आठवड्याला थोडं थोडं टोक काढत राहा. शीर आपोआप मागे सरते. घाई करायची नाही. घरी कोण कापतं?"

मी आईकडे बघितलं. ती खाली बघत होती.

"मी कापेन," मी म्हणाले. मी सांगलीला शिक्षिका होते, सुट्टी संपली की मला परत जायचं होतं. तरी म्हणाले.

दवाखान्याच्या आवारात एक कडुलिंबाचं झाड होतं. त्याच्या पारावर आई टेकली आणि कुत्र्याला मांडीवर घेतलं. रिक्षा बोलवू का म्हटलं तर म्हणाली, "बस जरा." मग आपणहून सांगायला लागली.

वर्ष होऊन गेलं होतं. आधी नुसता अंगठा हलायचा. मग भाकरी थापताना हात मागे पडायला लागला. सुईत दोरा जाईना. पावसाळ्यात नखं कापताना हात उडाला आणि कात्री थेट जिव्हाळीत गेली. नखाच्या आतल्या जिवंत भागाला आई जिव्हाळी म्हणायची.

"रगात थांबंना. आन तुझे आबा वरडले. ते वरडले त्याचं काय न्हाई गं. पन मला कळलं, आता हा हात माझा ऱ्हायला न्हाई."

"अगं पण सांगायचं ना! मला, आबांना. डॉक्टरकडे गेलो असतो."

"माझ्या मावशीला असंच झालं हुतं," ती म्हणाली. "म्हसवडच्या. तुला आठवत नसंल. लोक म्हनायचे, बाहेरचं हाय. तिच्या हातचं पानी बी घेत नव्हतं कुनी. चुलीपाशी येऊ द्यायचे न्हाईत. कोपऱ्यात बसवलेली, भरवायचे. चांगली धडधाकट बाई, नुसता हात हलायचा, आन तिला अशी बसवली." ती कुत्र्याच्या कानामागे डाव्या हाताने खाजवत होती. "आबांना सांगू नगंस. शपथ हाय तुला."

मी शपथ घेतली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. तिथून घरी येईपर्यंत मला एकच सुचत होतं, की तिला सांगलीला न्यायचं. मिरज शेजारीच आहे. तिथे चांगले डॉक्टर आहेत. आणि कारण हाताशी होतं, कुत्र्याच्या नखांचं.

आबांना ते पटण्यासारखं नव्हतंच.

"कुत्र्यासाठी? महिनाभर लेकीच्या घरी जाऊन ऱ्हानार? कुत्रं ने तू. हिला कशाला?"

"नवी जागा, ते आईशिवाय जेवायचं नाही, आबा."

"मग मी काय खाऊ?"

आई आतून आली. "मी जानार हाय," ती म्हणाली. पदराखाली हात, मान वर. आबा तिच्याकडे बघत राहिले. कित्येक महिन्यांत ती त्यांच्याशी बोललेलं तेवढं एक वाक्य असेल. ते उठले आणि चपला घालून बाहेर निघून गेले. आम्ही निघालो तेव्हा मात्र एस.टी. स्टँडवर पिशवी घेऊन आले, खिडकीची जागा धरून दिली आणि गाडी सुटायच्या आत वळून चालायला लागले. आई कऱ्हाड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. कुत्रं तिच्या पायाशी टोपलीत.

मिरजेच्या डॉक्टरांनी तिला चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, कागदावर गोल काढायला सांगितले. गोल लहान लहान होत गेले. त्यांनी सांगितलं, कंपवात आहे. बाहेरचं काही नाही, मेंदूतला एक रस कमी पडतो. गोळ्यांनी बराच आराम पडेल. आईने विचारलं, "बरं व्हतंय का?" ते म्हणाले, "आटोक्यात राहतं. हळूहळू वाढत जातं, पण आपण त्याला हळू करू." आई मान डोलावत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "मानूस खोटं बोलला न्हाई."

मी मात्र त्या दिवशी शाळेत गेले नाही. घरी येऊन नळाखाली तोंड धूत राहिले.

विश्रामबागेतलं आमचं घर दोन खोल्यांचं. नवरा सकाळी स्कूटरवर कुपवाडला कारखान्यात जायचा, मी शाळेत. आई आणि कुत्रं दिवसभर घरात. इथे तिला हात लपवावा लागत नव्हता. तो मांडीवर उघडा ठेवून ती बसायची. मी शाळेतून यायची तेव्हा तो हलत असायचा आणि तिचं लक्ष दुसरीकडेच असायचं. मला ते बघवत नव्हतं आणि बरंही वाटत होतं.

रविवारी दुपारी नखं. खिडकीजवळ ऊन यायचं तिथे मी पेपर पसरायची. नवऱ्याने नखांसाठी चांगली धारदार छोटी पक्कड आणली होती आणि कारखान्यातून एक बारीक कानस. पहिल्या रविवारी मी हत्यार हातात घेतलं आणि भीतीने पाय नको इतका आवळून धरला. कुत्र्याने ते ओळखलं आणि अंग आक्रसून घेतलं.

"हत्यार ठेव खाली," आई म्हणाली. "आधी नुसता पाय धर. पाय धरला की दर वेळी कापत न्हाईत, ह्ये त्याला कळू दे."

त्या रविवारी आम्ही नुसता पाय धरला, बोटं चोळली, भाकरीचा तुकडा दिला. पुढच्या वेळी पक्कड नखाला नुसती लावली आणि काढली. मग एक नख.

"पांढरं आधी घे," आई सांगायची. "उजेडाकडं धर. आत लालसर दिसतंय का? तीच जिव्हाळी. तिच्या लय अलीकडं ऱ्हायाचं. आडवं धरू नगंस, नख चिरडतं. जरा तिरकं. एकच कट. मागं-पुढं करत बसू नगं."

कट्. टोक पेपरवर पडलं. कुत्र्याने नुसती मान फिरवून बघितलं.

काळी नखं अवघड. त्यांच्यात बाहेरून काही दिसत नाही. तिथे चकत्या काढल्यासारखं अगदी पातळ पातळ कापायचं आणि प्रत्येक वेळी कापलेली बाजू बघायची. आधी ती कोरडी, खडूसारखी दिसते. मग मध्यभागी एक बारीक, ओलसर काळा ठिपका दिसायला लागतो. तो दिसला की थांबायचं. आई चष्मा लावून वाकून बघायची आणि म्हणायची, "बास." मला वाटायचं, अजून केवढं तरी राहिलंय. पण ती म्हणाली बास की बास. खरखरीत कडा मी कानशीने घासायची. आतल्या अंगाचं नख तर ती मला दर खेपेला विसरू द्यायची नाही.

एकदा माझ्याकडून लागलंच. रस्त्यावर फटाका वाजला, कुत्र्याने पाय ओढला आणि नखातून रक्ताचा थेंब आला. मी घाबरून उठले. आई शांतपणे म्हणाली, "बस. तुरटी लाव आन दाबून धर. बघत बसू नगं, धरून ऱ्हा." मी धरून राहिले. तिने कुत्र्याचं डोकं आपल्या कापऱ्या हाताने थोपटलं. थोड्या वेळाने रक्त थांबलं. "माझ्याकडनं झालं तवा मी सारखी उचलून बघत हुते, थांबलं का, थांबलं का," ती म्हणाली. "म्हनून थांबत नव्हतं."

जिव्हाळी खरंच मागे सरत होती. कुत्रं सरळ चालायला लागलं होतं. गोळ्यांनी आईचा हातही थोडा निवळला होता. तेवढ्यात एका रविवारी आबा आले.

न सांगता आले. दार उघडंच होतं. मी पेपर पसरून बसलेली, कुत्रं माझ्या मांडीवर आणि आई समोर, हात उघडा. आबा दारात उभे. हातात पिशवी, पायांत बूट. आईने त्यांना बघितलं आणि हात पदराखाली घेतला. पण उशीर झाला होता.

"हात दाव," आबा म्हणाले.

"काय न्हाई त्याला."

"दाव म्हनतो ना!"

आईने हात बाहेर काढला. आबा खाली बसले, बूट न काढता. त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला, घट्ट दाबला, जणू दाबला की थांबेल. सोडला तर पुन्हा हलायला लागला.

"कवापासनं?"

मीच सांगितलं. मावशीचं सोडून सगळं. आबांचा चेहरा लाल होत गेला. मला वाटलं, आता ओरडणार. ओरडलेच. "मला सांगायला काय झालं हुतं? मी कोन हाय? ह्या पोरीला सांगितलंस, मिरजेच्या डॉक्टरला सांगितलंस, त्या ढोरांच्या डॉक्टरला बी ठावं, आन मला न्हाई?"

"तुमी काय केलं असतं?" आई म्हणाली.

आबा पेपरवर पडलेल्या नखांच्या तुकड्यांकडे बघत बसले. मग एकदम म्हणाले, "मला वाटलं, तुला राग आलाय. रोज कप आदळत हुतीस. मी म्हनलं, एवढा कसला राग? म्हनून मी बी बोललो न्हाई."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "आदळत नव्हते वो," ती म्हणाली. "धरत हुते."

मी कुत्र्याला घेऊन मागच्या बाजूला गेले. त्यांना काय बोलायचं ते बोलू दे म्हणून. मग आतून आबांच्या नाक शिंकरण्याचा आवाज आला.

त्यांनी तिला साताऱ्याला नेलं. मी नको म्हणत होते. मिरजेचे डॉक्टर इथे, मी इथे. आबा म्हणाले, "गोळ्या मी दीन. टाइम टू टाइम." आई म्हणाली, "माझं घर हाय तिथं." जायच्या आधी मी आबांना नखं कापायला शिकवलं. त्यांचा हात दगडासारखा स्थिर. पण डोळ्यांना चाळिशी लागलेली, काळ्या नखातला तो ठिपका त्यांना दिसेना. "दिसतच न्हाई काय तर कापू कसं?" ते वैतागले.

"मला दिसतंय," आई म्हणाली. "तुमी कापा. मी सांगते."

त्यानंतर मी सुट्टीत गेले की बघायची. परसातल्या पायरीवर दोघं. आबा एक चकती काढायचे आणि विचारायचे, "आनि?" आई वाकून बघायची. "आनि थोडं." कट्. "आनि?" "बास." चहा आता आबाच करायचे, फार गोड आणि फार उकळलेला. आईला ते मान्य नव्हतं. तिला चुलीपासून दूर केल्यासारखं वाटायचं. त्यावरून दोघांचे खटके उडायचे. एकदा तिने त्यांच्या हातून भांडं हिसकावून घेतलं आणि दूध सगळ्या ओट्यावर सांडलं. आबा पुसत राहिले, ती रडत राहिली. बाहेरून आलेल्याला वाटलं असतं, चांगलं चाललंय. तसं सगळं चांगलं नव्हतं.

दोनेक वर्षांनी उन्हाळ्यात मी गेले होते. नेहमीसारखी दोघं पायरीवर बसली होती. मी आत आंबे चिरत होते. एकदम कुत्रं केकाटलं. धावत बाहेर आले तर आबांच्या बोटांवर रक्त आणि आई त्यांच्याकडे बघत होती, डोळे भरलेले.

"तू बास म्हनालीच न्हाईस!" आबा म्हणाले. ओरडले नाहीत. घाबरले होते.

आईचे ओठ हलले. मी दोन पावलांवर उभी होते, मलाही ऐकू आलं नाही. खाली वाकले तेव्हा ऐकलं. "म्हनाले," ती म्हणत होती. "दोनदा म्हनाले."

त्या आजारात आवाजही बारीक होत जातो, हे डॉक्टरांनी मला आधी सांगितलं होतं. मी आबांना ते सांगितलं नव्हतं. आबांनी तुरटी दाबून धरली, उचलून न बघता. रक्त थांबलं. मग ते आईला म्हणाले, "म्हन बरं परत. बास म्हन."

तिने म्हटलं. त्यांनी कान पुढे केला. "आनि एकदा." तिने पुन्हा म्हटलं.

संध्याकाळी मला स्टँडवर सोडायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "हे आनि किती जानार गं?" म्हणजे आवाज. की सगळंच. मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं. गाडी लागली होती. ते खिडकीशी उभे राहिले, या वेळी वळून गेले नाहीत.

कुत्रं आणखी एक हिवाळा जगलं आणि म्हातारपणाने गेलं. त्या शेवटच्या हिवाळ्यात मी गेले तेव्हा पायरीवरची बसण्याची रीत बदललेली होती. आबांनी आईसाठी खुर्ची आणली होती आणि ती आपल्या उजव्या खांद्याला चिकटवून ठेवली होती. ते खालच्या पायरीवर, मांडीत कुत्रं. ती पुढे वाकली की तिचं तोंड बरोबर त्यांच्या कानापाशी यायचं. ते कापायच्या आधी थांबायचे, मान तिरकी करून वाट बघायचे. तिला शब्द काढायला वेळ लागायचा. ते पक्कड उघडी धरून तेवढा वेळ थांबून राहायचे.